दोन ग्रॅम

सेकोंडीच्या आमच्या शाळेत वर्कशॉपला खिडक्या नाहीत,
नुसती जाळी, आणि जाळीपलीकडे समुद्र.
खारा वारा रात्रभर आत हिंडतो,
सकाळपर्यंत लोखंडावर तांबूस साय धरते.
दिवसाचं पहिलं काम ठरलेलं:
रात्रीचं पुसून काढायचं.

बारा व्हाइस. अकरा मुलगे आणि मी.

अर्हिनफुल सरांनी एकेकाच्या हातावर तुकडा ठेवला,
भंगारातल्या वॅगनच्या दांड्यातून कापलेला,
ओबडधोबड, जड, तेलकट.
"याचा ठोकळा करा. चाळीस मिलिमीटर, सहाही बाजूंनी.
मशीनला हात लावायचा नाही.
कानस, गुण्या आणि तुम्ही."
प्रत्येक तुकड्याचं वजन त्यांनी वहीत लिहिलं.
का, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.
आम्हाला वाटलं, दोन दिवसांचं काम.

पहिल्याच आठवड्यात माझ्या ठोकळ्याला पोट सुटलं.
मध्ये फुगीर, कडांना उतार.
"होडीसारखी डोलवू नकोस, अराबा," सर म्हणाले,
"होड्या बाहेर पुष्कळ आहेत."
मग कानशीच्या पाठीवर माझंच एक नाणं ठेवलं.
पडलं, की सरांचं.
त्या महिन्यात माझ्या पैशांवर
सरांनी बरीच केंकी खाल्ली.

गुण्या लावायचा. जाळीकडे धरायचा. एक डोळा मिटायचा.
लोखंड आणि गुण्या यांच्या फटीतून
समुद्राचा उजेड केसाएवढा आत यायचा.
चर्चमध्ये, गणितात, आईच्या बोलण्यात,
सगळीकडे उजेड म्हणजे काहीतरी चांगलं.
इथे उजेड म्हणजे चूक.

"आणि डोळा उशिरा सांगतो," सर म्हणायचे.
कानस हातानं नाही, कानानं चालवायची.
उंचवट्यावर ती किरकिरते,
खोलगटावरून न बोलता निघून जाते,
सपाटी लागली, की एकच लांब श्वास.
एका गुरुवारी मला तो ऐकू आला.
शेजारच्या एब्बोला म्हटलं, ऐक.
तो म्हणाला, काय?

घरी नेला ठोकळा, बाबांना दाखवायला.
रेल्वेच्या कारखान्यात वीस वर्षं बॉयलर ठोकून
बाबांचे दोन्ही कान गेलेले.
त्यांनी पाहिलाही नाही.
अंगठ्याचं नख एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढलं,
मध्येच थांबले,
आणि नख तिथेच ठेवून माझ्याकडे बघत राहिले.
दुसऱ्या दिवशी निळी शाई लावून पाहिली:
अगदी तिथेच, मसुरीएवढा खळगा.

सहावा आठवडा. हरमॅटनची धूळ सगळ्यांच्या पापण्यांवर.
गुण्या लावला. काळोख.
फिरवला. काळोख.
सहाही बाजूंना इतका सुंदर काळोख
मी कधी पाहिला नव्हता.

सरांनी कॅलिपर लावला.
"छत्तीस. चाळीस सांगितले होते."
सरळ करता करता तो लहान झाला होता,
आणि मला कळलंच नव्हतं.
"चार मिलिमीटर कुठे गेले?"
मी खाली बघितलं.
"आण मग."

व्हाइसखालच्या डब्यातला कीस, बाकावरचा, फटींतला,
ब्रशच्या केसांत अडकलेला, सगळा चुंबकानं गोळा केला.
विज्ञानाच्या खोलीतून तराजू आला.
ठोकळा एका पारड्यात, शेजारी काळ्या किसाचा ढीग.
सरांनी वही उघडली, चष्मा वर केला, पुन्हा खाली आणला.
"दोन ग्रॅम कमी."
मुलं हसली. सर हसले नाहीत.
"चाळीसपैकी छत्तीस," त्यांनी लिहिलं,
"आणि दोन ग्रॅम येणे बाकी."

रात्री आई अंगणात गणवेश धूत होती.
पोलक्याच्या बाहीवर, खिशाच्या कडेला, कॉलरखाली
नारिंगी ठिपके, बारीक, शेकड्यांनी.
लिंबू चोळलं तिनं, मीठ चोळलं,
मला हाका मारमारून विचारलं,
शाळेत शिकतेस की गंजतेस?

मी धावत गेले, पोलकं तिच्या हातातून ओढून घेतलं.
राहू दे, म्हटलं, घासू नकोस.
उद्या सरांना द्यायचंय.